आपल्याच गाळात रुतलेली पूर्णा

उत्तरेला सातपुड्याची गाविलगड रांग आणि दक्षिणेला अजिंठ्याचे पठार यांच्यामध्ये पसरलेल्या वऱ्हाडच्या सखल भागाला पयानघाट असे जुने नाव आहे. मेळघाट आणि बालाघाट यांच्यामधला हा काळ्या मातीचा पट्टा जवळजवळ संपूर्णपणे पूर्णा नदीच्या खोऱ्यात मोडतो. मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात भैंसदेहीजवळ उगम पावणारी ही नदी डोंगर उतरून चांदूर बाजार, भातकुली, दर्यापूर या तालुक्यांच्या परिसरातून पश्चिमेकडे वळते आणि अकोला व बुलढाणा जिल्हे ओलांडून जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीला मिळते. नकाशावर पाहिले तर तिची रेषा सतत वळणे घेत जाते, आणि अशा सपाट मैदानावर इतकी वळणे घेणारी नदी दर काही पिढ्यांनी आपले पात्र बदलत असली पाहिजे, असा कोणाचाही समज होईल. प्रत्यक्षात भातकुलीच्या परिसरात पूर्णेच्या काठाशी गेल्यावर नदी सहजासहजी नजरेस पडत नाही. शेते संपतात, घळींनी फाटलेली जमीन सुरू होते, आणि ठिकठिकाणी दहा-पंधरा मीटर किंवा त्याहूनही उंच असलेल्या मातीच्या दरडींच्या खाली, अरुंद तळाशी, नदीची धार वळणे घेत जाताना दिसते. ज्या मैदानाला पूर्णेचे मैदान म्हणतात त्यावर आजची पूर्णा वाहत नाही; ती त्या मैदानात खोल उतरून वाहते. वऱ्हाडातील वस्ती, शेती, मीठ, पाणी आणि अलीकडची धरणे यांच्या इतिहासातील पुष्कळ गोष्टींचा उलगडा या एका वस्तुस्थितीपासून होतो.

नदी नागमोडी का होते आणि तिची वळणे का सरकतात, याचे समाधानकारक उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाले. लॉर्ड केल्व्हिन यांचे बंधू जेम्स थॉमसन यांनी १८७६ मध्ये असे दाखवून दिले की वळणावर पृष्ठभागाचे वेगवान पाणी बाहेरच्या काठाकडे ढकलले जाते, तळाजवळचे संथ पाणी मात्र आतल्या काठाकडे सरकते, आणि या दोहोंच्या मेळातून पाण्याला मळसूत्राप्रमाणे पिळदार गती मिळते. अल्बर्ट आइन्स्टाईन यांनी १९२६ च्या एका छोट्या लेखात हेच तत्त्व चहाच्या पेल्यावरून समजावले होते: चमच्याने ढवळल्यावर चहाची पत्ती कडेला न जाता पेल्याच्या मध्यभागी गोळा होते, कारण तळाचा प्रवाह आत वळतो. नदीच्या बाबतीत याचा परिणाम असा की बाहेरच्या काठाची माती कापली जाऊन तेथे खोल डोह आणि उभी दरड तयार होते, तर आतल्या काठाशी रेती व गाळ साचून उतरते वाळवंट वाढत जाते. अशा रीतीने वळण एका बाजूने झिजते आणि दुसऱ्या बाजूने भरते, म्हणजेच ते जागा सोडून सरकते. आणि वळण फारच वाढले की पुराचे पाणी त्याची मान कापून सरळ निघून जाते व मागे उरलेल्या जुन्या पात्राचे नालाकृती सरोवर बनते.

ज्या नद्यांना आडकाठी नसते त्या किती मोठा पल्ला मारतात हे इतरत्र दिसते. हिमालयातून उतरणारी कोसी गेल्या सुमारे अडीच शतकांत शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेकडे सरकली, आणि २००८ मध्ये कुसहा येथे बांध फोडून तिने पुन्हा एका जुन्या वाटेने पाणी सोडले. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील जुन्या पात्रांचे जे रंगीत नकाशे हॅरोल्ड फिस्क यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केले, त्यांत एकावर एक पडलेल्या शेकडो वळणांचे जाळे दिसते. बंगालमध्ये अशा फिरत्या नद्यांमुळे जमिनीच्या मालकीचे इतके तंटे उद्भवले की कंपनी सरकारला १८२५ चा अकरावा विनियम करावा लागला. नदीने हळूहळू घातलेली भर काठच्या जमीनधारकाची, पण नदीने एकाएकी पात्र बदलले आणि जमीन ओळखू येण्याजोगी राहिली तर ती मूळ मालकाचीच, असे त्याचे मुख्य सूत्र होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये नदीने आणलेल्या मळईच्या जमिनीसाठी तरतुदी आहेत आणि ठरावीक क्षेत्रमर्यादेपर्यंत तिचा तात्पुरता उपयोग करण्याचा हक्क काठच्या खातेदाराला मिळतो. परंतु त्या तरतुदींचा आवाका एकराच्या हिशेबातला आहे. दोन्ही कायद्यांमधला हा फरक केवळ कायदेकर्त्यांच्या स्वभावाचा नाही, तो नद्यांच्या स्वभावाचाही आहे.

पूर्णेसारख्या नदीत सरकण्याची हीच क्रिया चालते, परंतु ती बंदिस्त जागेत चालते. खोल पात्रदरीच्या तळाशी वाहणारे पाणी वळणाच्या बाहेरच्या अंगाला दरडीच्या पायथ्याशी येऊन थडकते. दरडीची माती जुनी, चुनखडीच्या खड्यांनी भरलेली आणि घट्ट असते. शिवाय तिची उंची इतकी असते की नदीला एक मीटर पुढे सरकायचे झाले तर दहा-पंधरा मीटर उंचीचा कडा पाडून तेवढी माती वाहून न्यावी लागते. मोकळ्या मैदानात एक मीटर सरकण्यासाठी जेवढी माती हलवावी लागते तिच्या कितीतरी पट ही माती असते, आणि म्हणूनच वळण बाजूला पसरण्याऐवजी दोन्ही दरडींच्या मधल्या जागेत हळूहळू प्रवाहाच्या दिशेने खाली सरकत राहते. वळणाच्या आतल्या अंगाला नवा गाळ साचून पायरीसारखे सपाट ओटे तयार होतात. हेच या नदीचे खरे पूरमैदान, आणि ते फारच अरुंद असते. ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्सच्या अशाच कोंडलेल्या नद्यांचा अभ्यास करून जेराल्ड नॅन्सन यांनी १९८६ मध्ये मांडलेले निरीक्षण येथे उपयोगी पडते. कोंडलेल्या दरीत लहानमोठे पूर शेकडो वर्षे गाळाचा थर चढवत जातात, काठ उंच होतो, त्यामुळे पुढचे पूर पात्रातच दाटून अधिक जोर धरतात, आणि अखेरीस एखादा महापूर ते सगळे ओटे खरवडून नेतो; त्यानंतर भरण्याचे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मोकळी नदी गाळ आडवा पसरवते, कोंडलेली नदी तो उभा रचते आणि एका दमात काढून नेते. दख्खनच्या पावसाळी नद्यांवर, विशेषतः तापीवर, विश्वास काळे आणि प्रमोदकुमार हिरे यांनी केलेल्या अभ्यासातूनही असेच दिसते की वर्षातल्या थोड्याशा दिवसांत, आणि अनेक वर्षांतून येणाऱ्या थोड्याशा पुरांत, नदीचे बहुतेक काम उरकले जाते. एरवीचे आठ-नऊ महिने ती आपल्या प्रचंड पात्राच्या तळाशी लहानशा धारेने सरपटत असते.

ही पात्रदरी कोणी खोदली आणि ज्यात ती खोदली तो गाळ कोणी आणला, हे प्रश्न भूवैज्ञानिकांनी दीडशे वर्षांपूर्वीच हाती घेतले होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ए. बी. विन यांनी पश्चिम वऱ्हाडातील पूर्णेच्या खोऱ्यावरचे टिपण १८६९ मध्ये प्रसिद्ध केले, आणि मेडलिकॉट व ब्लॅनफर्ड यांनी १८७९ मध्ये सिद्ध केलेल्या भारताच्या भूविज्ञानाच्या ग्रंथातही या गाळाची आणि त्यातल्या खाऱ्या विहिरींची दखल घेतलेली आहे. पुढे विंधनविहिरी खोदल्या गेल्या तेव्हा गाळाची खोली काही ठिकाणी ३०० मीटरहूनही अधिक असल्याचे आढळले. दख्खनच्या पठारावर, जेथे बहुतेक नद्या काळ्या पाषाणावरून किंवा गाळाच्या पातळ थरावरून वाहतात, तेथे हा अपवादच म्हणावा लागेल. त्याचे कारण सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. गाविलगड विभंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भेगेच्या, म्हणजे ज्या रेषेवर कवचाचे दोन तुकडे एकमेकांवरून सरकतात त्या रेषेच्या, उत्तरेची बाजू उचलली गेली आणि दक्षिणेची खचली. खचलेल्या बाजूला तयार झालेला लांबट खड्डा डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांनी लाखो वर्षे भरत आणला. ही हालचाल पूर्णपणे थांबलेली नाही, याची आठवण १४ मार्च १९३८ च्या सातपुड्यातील ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने करून दिली होती.

भरणाच्या या काळात पूर्णा आणि तिच्या उपनद्या आजच्यासारख्या कोंडलेल्या नव्हत्या. चंद्रभागा, सापन, शहानूर, बोर्डी, वान या उत्तरेच्या उपनद्या डोंगराच्या तोंडाशी येऊन उतार एकदम कमी झाल्यामुळे मोठे गोटे आणि जाड रेती तेथेच टाकीत, आणि बारीक चिकण माती पुढे मैदानाच्या मध्याकडे नेत. त्यामुळे परतवाडा, अंजनगाव, अकोट, तेल्हारा यांना जोडणारा पायथ्याचा पट्टा पाणी मुरणाऱ्या जाड गाळाचा बनला. तेथील संत्र्यांच्या आणि केळीच्या बागा याच गाळातल्या गोड पाण्यावर पोसल्या गेल्या. मधला पट्टा मात्र बारीक मातीचा, पाणी न मुरणारा झाला. अचलपूरची बाग आणि भातकुलीचे कोरडवाहू रान यांच्यातला फरक असा गाळाच्या कणांच्या जाडीत आहे, शेतकऱ्याच्या कष्टात नाही, आणि प्रशासकीय अहवालांत दोन्ही तालुक्यांच्या सिंचनाचे आकडे शेजारी मांडून तुलना केली जाते तेव्हा ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

या गाळाच्या वयाचा एक अनपेक्षित साक्षीदार अकोला जिल्ह्यात गांधीग्राम येथे सापडला. पूर्णेच्या दरडीत तेथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, आणि अभ्यासकांनी तो सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या महास्फोटाशी जोडला आहे. पुणे जिल्ह्यात कुकडीकाठच्या बोरी येथे सापडलेल्या राखेच्या वयावरून बराच वाद झाला, आणि काहींनी ती कितीतरी जुनी ठरवली. दख्खनच्या नद्यांतील राखेचा प्रत्येक थर एकाच स्फोटाचा धरता येणार नाही, एवढा धडा त्या वादातून मिळाला. तरीही राखेच्या वर आणि खाली दोन्हीकडे पूर्णेचा गाळ आहे, यावरून राख पडत होती त्या काळात नदी येथे खोदत नव्हती तर भरत होती, हे उघड होते. भरणाऱ्या नदीने खोदायला कधी सुरुवात केली, या प्रश्नाचे उत्तर हवामानात शोधले जाते. विश्वास काळे आणि शरद राजगुरू यांनी १९८७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात वायव्य दख्खनच्या नद्यांविषयी जी मांडणी केली तिचा गाभा असा की शेवटच्या हिमयुगाच्या उत्तरार्धात मान्सून दुबळा असताना नद्यांना आपला गाळ वाहून नेणे जमेना व पात्रे भरत गेली, आणि त्यानंतर मान्सूनने जोर धरताच त्याच नद्यांनी आपण साठवलेला गाळ कापायला आरंभ केला. पूर्णेच्या बाबतीत भूकवचाची हालचालही त्यात मिसळलेली असल्यामुळे केवळ पावसाला सगळे श्रेय देता येत नाही. पण कारणांचे प्रमाण काहीही ठरवले तरी क्रम बदलत नाही: आधी मैदान घडवणारी मोकळी नदी, नंतर त्या मैदानात रुतलेली नदी. माणसाने शेती आणि गावे वसवली ती या दुसऱ्या काळात.

म्हणूनच वऱ्हाडातील जुन्या गावांच्या जागा आश्चर्य वाटावे इतक्या स्थिर आहेत, आणि या स्थैर्याचा सर्वांत बोलका पुरावा एका ताम्रपटात मिळतो. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने पाचव्या शतकात, आपल्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी, भोजकट राज्यातील मधुनदीच्या काठचे चर्मांक नावाचे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याचे त्यात नमूद आहे. हा ताम्रपट अचलपूरजवळच्या चमक या गावी मिळाला, आणि फ्लीट यांनी तो १८८८ मध्ये प्रसिद्ध केला. चर्मांक म्हणजे आजचे चमक आणि मधुनदी म्हणजे चंद्रभागा, असे अभ्यासकांनी ठरवले आहे. दीड हजार वर्षांपूर्वी दानपत्राच्या लेखकाने गावाची खूण म्हणून जी नदी सांगितली, ती आजही त्या गावची खूण आहे. कोसीकाठच्या एखाद्या गावाबद्दल असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. ज्या भोजकट राज्याचा येथे उल्लेख आहे त्याचे मुख्य ठिकाण वा. वि. मिराशी आदी संशोधकांनी भातकुली हेच मानले आहे. रुक्मिणीहरणाच्या प्रसंगी कृष्णाकडून पराभूत झालेला तिचा भाऊ रुक्मी कुंडिनपुरास न परतता भोजकट वसवून राहिला, ही पुराणकथा आणि महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दिग्विजयात येणारे भोजकटाचे नाव यांमुळे भातकुलीच्या प्राचीनतेला परंपरेचा आधार मिळाला आहे. पुराणातला तपशील इतिहास म्हणून घेता येत नाही, परंतु वाकाटककाळात या परिसरात एक राज्यविभाग होता, जमिनीची राजमानाने मोजणी होत होती आणि नद्या सीमेच्या कामी येत होत्या, एवढे ताम्रपटावरून निश्चित होते. दर्यापूर तालुक्यातील लासूर येथे पूर्णेकाठी उभे असलेले आनंदेश्वराचे यादवकालीन दगडी मंदिर हा आणखी एक पुरावा होय, कारण ज्या काठावर एवढे दगड रचायचे तो काठ पुढच्या काही पिढ्यांत नदीत जाणार नाही, हे त्या काळच्या स्थपतींना नक्कीच पाहून घ्यावे लागले असेल.

भातकुली तालुक्यात दोन नद्यांची गोष्ट एकत्र येते. पूर्णा उत्तरेकडून येते, तर पेढी ही तिची दक्षिणेकडची उपनदी मोर्शीकडच्या रिद्धपूर परिसरातून निघून वलगाववरून या तालुक्यात उतरते. पेढी डोंगरातून आलेली नसल्याने तिच्याकडे गोटे नाहीत. तिचा सगळा भार पाण्यात तरंगत जाणाऱ्या चिकण मातीचा, आणि म्हणून तिची वळणे अरुंद, काठ निसरडे आणि उभे. मुख्य नदी खोल गेली की तिला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याला तेवढेच खोल जावे लागते, आणि संगमापासून उगमाच्या दिशेने ही खोदाई मागे सरकत जाते. पूर्णेच्या दोन्ही काठांवर घळींचा जो फाटका पट्टा दिसतो तो याच क्रियेचा परिणाम आहे. नदीने शेत गिळले, असे काठावरचे लोक म्हणतात तेव्हा पुष्कळदा ते शेत नदीच्या वळणाने नव्हे तर शेजारच्या घळीने खाल्लेले असते.

गावांची रचना या भूगोलाशी जुळवून झाली. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, ही वऱ्हाडातील जुनी विभागणी आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मातीच्या घरांची पडझड होऊन उंचावलेल्या पांढरीवर गाव वसलेले असते आणि तिच्या माथ्यावर गढी उभी असते. दरडीच्या काठावरची अशी पांढरी सामान्य पुरापासून सुरक्षित राही, पण पाण्यासाठी मात्र बायकांना उभ्या उतारावरून खाली पात्रात जाऊन झिऱ्यांतून घागरी भरून वर चढावे लागे. भातकुली तालुक्यातील खोलापूर ही एके काळची रेशमाच्या व्यापारासाठी ओळखली जाणारी तटबंदीची पेठ होती. १८०९ मध्ये एलिचपूरचा, म्हणजे अचलपूरचा, सुभेदार विठ्ठल भागदेव याने तिच्याकडे एक लाख रुपयांची खंडणी मागितली, ती नाकारल्यावर दोन दिवसांत शहर घेऊन लुटले, आणि त्यानंतर पेठेला पूर्वीची कळा आली नाही. नदीने न बुडवलेल्या गावांना राजकारणाने बुडवले, अशी उदाहरणे वऱ्हाडात या एकाच गावापुरती नाहीत.

उंच दरड आणि खोल पाणी यांच्यामधले अंतर ओलांडण्यासाठी घाट बांधणे हे या खोऱ्यात खरोखरीच लोकोपयोगी काम होते. भातकुली तालुक्यातच पूर्णेच्या तीरावर ऋणमोचन हे तीर्थक्षेत्र असून तेथे पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. गाडगेबाबांनी १९०५ मध्ये घर सोडल्यानंतर हाती घेतलेल्या पहिल्या मोठ्या कामांत याच पूर्णेवरच्या घाटाचा समावेश होतो, आणि त्याचे वर्ष १९०८ असे दिले जाते. पावसाळी चिखलात घसरत पाण्यापर्यंत जाणाऱ्या यात्रेकरूंची अडचण पाहता, देवळाआधी पायऱ्यांचा विचार करणारी ही दृष्टी त्या भूगोलाला नेमकी ओळखणारी होती. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, पेढीच्या पुलाच्या परिसरात त्यांचे देहावसान झाले. पुढे पूर्णेच्या पाण्याशी आणखी एक परंपरा जोडली गेली. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्राम येथून पूर्णेचे पाणी भरून अकोल्याच्या राजराजेश्वराला नेण्याची कावड यात्रा १९४४ पासून चालत आलेली आहे. याच गांधीग्रामचा ब्रिटिशकालीन पूल २०२२ मध्ये तडा गेल्यामुळे वाहतुकीला बंद करावा लागला. पूर्णेवर पूल बांधणाऱ्यास पात्राची फारशी चिंता नसते, कारण ते जागा सोडत नाही. चिंता असते ती गाळाच्या दरडीत रोवलेल्या टोकांची आणि पुराच्या वेळी कोंडून उंच चढणाऱ्या पाण्याची.

मोकळ्या पूर्णेने आपल्या मागे ठेवलेला सर्वांत जाचक वारसा मिठाचा आहे. मैदानाच्या मधल्या पट्ट्यात बारीक मातीतून पाण्याचा निचरा होत नाही, पाऊस बेताचा आणि उन्हाळा कडक असल्यामुळे क्षार धुऊन जाण्याऐवजी साचत राहतात, आणि विहिरी खाऱ्या लागतात. कधीकाळी येथे समुद्राचा फाटा असावा, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातही चर्चेत होती, परंतु मेडलिकॉट व ब्लॅनफर्ड यांनी केवळ मिठावरून तसा निष्कर्ष काढण्यास मान्यता दिली नाही, कारण देशातील इतर नद्यांच्या गाळातही क्षार आढळतात. एके काळी अकोला जिल्ह्यात दहीहांडा आणि आसपास अशा विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढण्याचा धंदा चाले. ब्रिटिश अमलात मिठावरचा कर आणि मक्तेदारी यांची घडी बसल्यावर तो बंद पाडण्यात आला, म्हणजे खारेपणाचा जो एकुलता एक फायदा लोकांच्या हाती होता तोही गेला आणि पिण्याच्या पाण्याचा त्रास तेवढा शिल्लक राहिला. आज खारपाणपट्टा या नावाने हा भाग सर्वत्र ओळखला जातो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातील अशा ९३२ गावांचा समावेश करण्यात आला. शेतकरी येथे विहिरीचे पाणी पिकाला देणे टाळतो, कारण त्या पाण्याने जमीन चोपण होते. कापूस, तूर, मूग पावसावर आणि हरभरा मुरलेल्या ओलीवर घेतला जातो. शेततळ्यात पावसाचे पाणी साठवून एक-दोन संरक्षित पाळ्या देण्याचा मार्ग अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने पुढे आणला, आणि पिण्याचे पाणी शहानूर व वान या सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांवरून नळाने आणले गेले.

नदीच्या तळाशी साचलेल्या ताज्या रेतीचा मात्र उपयोग झाला. हिवाळ्यात धार आटू लागली की पात्रातल्या वाळवंटावर खड्डे करून, त्यांत खत घालून टरबूज-खरबुजाच्या डांगरवाड्या लावण्याची पद्धत वऱ्हाडात भोई समाजाने जोपासली, आणि या शेतीला दरवर्षी नवी जमीन नदीच देत असे. वरच्या धरणांनी पूर अडवला, रेतीचा उपसा वाढला, तसतशा या वाड्या कमी होत गेल्या.

कोंडलेल्या पात्राचा सर्वांत नवा उपयोग पाटबंधारे खात्याने शोधला आहे. विश्रोळीचा पूर्णा मध्यम प्रकल्प डोंगराजवळ असल्याने तेथे नेहमीच्या पद्धतीचे धरण शक्य झाले, आणि पेढीवर भातकुली तालुक्यात निंभा येथे निम्न पेढी प्रकल्प हाती घेतला गेला तेव्हा सपाट प्रदेशात धरण बांधण्याची जी किंमत असते ती, म्हणजे बुडीत शेते आणि विस्थापित गावे, चुकवावी लागली. मुख्य पूर्णेवर मात्र मूर्तिजापूर तालुक्यात घुंगशी आणि पुढे नेर-धामणा येथे बॅरेज बांधण्याची योजना झाली. यात नदीच्या खोल पात्रदरीलाच जलाशय मानून दारांनी पाणी अडवायचे असते, आणि दरडी उंच असल्यामुळे साठा बव्हंशी पात्रातच राहतो. उपसा सिंचनाने ते पाणी वर चढवले तर खारपाणपट्ट्याला विहिरीऐवजी नदीचे गोड पाणी मिळते. अडचण गाळाची आहे. भरणाच्या काळात पूर्णेने मैदानावर पसरलेली माती आता घळींतून पुन्हा नदीत येते, आणि पुरासोबत ती थेट खाली जाते; तापी-पूर्णेच्या संगमाखाली भुसावळजवळ बांधलेल्या हतनूर धरणाला हा भार सुरुवातीपासून सोसावा लागला आणि त्याच्या साठवण क्षमतेचा मोठा हिस्सा गाळाने व्यापला. बॅरेजची दारे म्हणूनच पावसाळ्याच्या जोराच्या दिवसांत उघडी ठेवून मातकट पाणी जाऊ द्यावे लागते, आणि पूर ओसरून पाणी निवळू लागल्यावर, पावसाळा संपता संपता, ती बंद करावी लागतात. पाऊस लवकर गेला तर साठा अपुरा राहतो, आणि दारे लवकर लावली तर साठ्याची जागा मातीने भरते.